एकाच दफनभूमीत वेगवेगळ्या धर्मांसाठी विभाग राखताना: कामाचा क्रम, मोजमापं आणि नेहमीच्या चुका

नकाशावर चार रंग भरायचे आणि प्रत्येक रंगाला एका धर्माचं नाव द्यायचं, अशी बहुतेक ठिकाणी सुरुवात होते. अडचण पहिल्या दफनाच्या दिवशी समोर येते. ओळी किब्ल्याशी, म्हणजे मुस्लिम प्रार्थनेच्या मक्केतल्या काबाकडच्या दिशेशी, जुळत नाहीत, खड्ड्यात पाणी साचतं, किंवा बायकोची कबर एका विभागात आणि नवऱ्याला दुसऱ्याच विभागात जागा अशी स्थिती होते. एकदा कबर झाली की ती ओळ हलवता येत नाही. म्हणून नकाशाला हात लावण्याआधी बरंच काम उरकावं लागतं, आणि ते ठरावीक क्रमानंच करावं लागतं. नगरपालिका, ट्रस्ट किंवा संस्था, ज्यांच्याकडे दफनभूमीचा कारभार आहे त्यांच्यासाठी हा क्रम आहे.

## १. कायदा आणि जमिनीचे हक्क

विभाग राखायला परवानगी आहे का, हे आधी पाहा. देशागणिक उत्तर बदलतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७७ च्या आदेशानुसार स्थानिक प्राधिकरणाला एखाद्या पंथासाठी भाग राखून ठेवता येतो, पण कोणासाठीही न राखलेला पुरेसा भाग शिल्लक ठेवावाच लागतो. फ्रान्समध्ये १४ नोव्हेंबर १८८१ च्या कायद्यानं सार्वजनिक दफनभूमीतले धर्मवार औपचारिक विभाग रद्द झाले. तिथे महापौर आपल्या अधिकारात एकाच धर्माच्या कबरी शेजारी शेजारी देतात, एवढंच.

तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मिळवा:

- शवपेटी सक्तीची आहे का? बव्हेरियानं ही सक्ती २०२१ मध्ये शिथिल केली, फ्रान्समध्ये ती आजही आहे. कफनात दफन करणाऱ्या समाजाला जागा देण्याआधी हे स्पष्ट हवं.
- कबरीचा हक्क किती वर्षांचा? इंग्लंडमध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या दफनभूमीत तो एका वेळी जास्तीत जास्त १०० वर्षांचा देता येतो. काही देशांत २०-३० वर्षांनी कबर पुन्हा वापरली जाते.
- कबरीवर किमान किती माती हवी? इंग्लंडमध्ये शवपेटीच्या वर ३ फूट. माती योग्य असेल तर २ फुटांपर्यंत सूट.

इशारा: ज्यू परंपरेत कबर कायमची असते, तिचा पुनर्वापर होत नाही. कायद्यात मुदतीचीच तरतूद असेल, तर नूतनीकरण कोण करणार आणि त्याचा खर्च कोण भरणार हे विभाग देण्याआधी ठरवा. नाहीतर तीस वर्षांनी हा वाद त्यांच्या नातवंडांच्या अंगावर येतो.

## २. समाजाशी बोलणं, आणि योग्य माणसांशी बोलणं

‘मुस्लिम समाजाला विचारलं’ एवढ्यानं भागत नाही. कोणाला विचारलं? सुन्नी आणि शिया, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स आणि रिफॉर्म ज्यू, या सगळ्यांना एकच विभाग चालेल हे गृहीत धरू नका. उलट, ते वेगळेच मागतील असंही धरू नका. प्रत्येक गटाशी स्वतंत्र बैठक घ्या. बैठकीत धर्मगुरू हवेत, आणि प्रत्यक्ष मयतीची तयारी करणारी माणसंही हवीत. स्नान घालणारे, कबर खणणारे आणि नोंद ठेवणारे लोक जे सांगतात ते धर्मगुरूंच्या बोलण्यात अनेकदा येत नाही.

प्रत्येक गटाला विचारायचे प्रश्न:

- देह कोणत्या दिशेनं आणि कोणत्या स्थितीत ठेवतात?
- शवपेटी वापरतात का? एका कबरीत दोन देह चालतात का?
- मृत्यूनंतर किती तासांत दफन व्हायला हवं? कोणत्या दिवशी दफन होत नाही?
- माती कोण लोटतं, कुटुंब की कर्मचारी?
- स्मारकशिळा हवी का, किती उंच, किती काळानं?
- अस्थी पुरण्याची मुभा आहे का?
- दुसऱ्या धर्माच्या जोडीदाराला या विभागात जागा मिळेल का?
- मृत जन्मलेल्या बाळाचं दफन कुठे?

काही उत्तरांची अपेक्षा आधीपासून ठेवा. मुस्लिम आणि ऑर्थोडॉक्स ज्यू परंपरेत दहन नाही, म्हणून त्यांच्या विभागात अस्थींचे गाळे काढू नका. कॅथलिकांना दहन चालतं, पण व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार अस्थी विखुरता येत नाहीत, त्या पवित्र जागी ठेवायच्या असतात. म्हणजे त्यांच्या विभागात ०.६ × ०.६ मीटरचे अस्थींचे गाळे उपयोगी पडतात. बहाई धर्मात दहन नाही, शिवाय मृत्यूच्या ठिकाणापासून एक तासाच्या प्रवासापेक्षा लांब दफन करता येत नाही. त्यामुळे ‘तुमची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे’ हे उत्तर त्यांना चालत नाही. लिंगायत समाजात देह बसलेल्या स्थितीत पुरतात. खड्ड्याचा आकार आणि खोली दोन्ही वेगळी लागते, आणि ती मापं त्यांच्याकडूनच घ्यायची.

तपासा: प्रत्येक बैठकीचं टिपण लिहून, वाचून दाखवून, सही घेतली का? तोंडी होकार पुढचं विश्वस्त मंडळ मान्य करेलच असं नाही.

## ३. माती आणि पाणी: विभाग वाटण्याआधी

ही पायरी मागे टाकली की सगळं उलटतं. एखाद्या समाजाला कोपऱ्यातली सखल जागा मिळते, पहिल्या पावसाळ्यात खड्डा भरतो आणि ‘मुद्दाम वाईट जागा दिली’ असा समज कायमचा बसतो. तो समज काढणं पाणी काढण्यापेक्षा कठीण असतं.

वर्षातल्या सर्वात ओल्या काळात, जागेच्या प्रत्येक भागात निदान एक असे चाचणीखड्डे यंत्रानं खणा. खोली ३ मीटर. हे माप कुठून आलं? दुहेरी कबरीत वरच्या पेटीवर ०.९ मीटर माती, दोन पेट्या प्रत्येकी साधारण ०.४५ मीटर आणि मध्ये ०.१५ मीटरचा थर, म्हणजे तळ सुमारे १.९५ मीटरवर जातो. त्याखाली आणखी १ मीटर कोरडी माती हवी. एकेरी कबरीचा तळ १.३५ मीटरवर येतो, म्हणून तिला २.३५ मीटरपर्यंत कोरडं असलं तरी चालतं. खड्डा २४ तास झाकून ठेवा आणि तळाशी पाणी आलं का ते वरून पाहा.

इशारा: आधार न दिलेल्या चाचणीखड्ड्यात कोणीही उतरू नये. माती कोसळायला काही क्षण पुरतात.

पाण्याच्या स्रोतांपासूनची अंतरं कायद्यात नसली तरी पाळावीत: पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा झरा २५० मीटर, इतर झरे आणि ओढे ३० मीटर, शेतातला चर किंवा जमिनीखालचा निचरा १० मीटर.

मातीचा प्रकारही नोंदवा, कारण पुढचं क्षेत्रफळ त्यावरच ठरतं. मुस्लिम कबरीचे दोन प्रकार आहेत. लहदमध्ये खड्ड्याच्या तळाशी किब्ल्याकडच्या भिंतीत कोनाडा कोरून देह त्यात ठेवतात. शकमध्ये तळाच्या मध्यभागी चर काढून देह ठेवतात आणि वर फळ्या किंवा लाद्या टाकतात. लहद घट्ट मातीतच टिकतो. वाळूत किंवा भुसभुशीत भरावात तो ढासळतो, तिथे शक करावी लागते. दोन्ही प्रकारांना लागणारी जागा सारखी नसते, हे पाचव्या टप्प्यात दिसेल. बसलेल्या स्थितीतल्या दफनाला खोली जास्त लागते, म्हणून ज्या भागात भूजल सर्वात खाली आहे तो भाग अशा विभागासाठी बाजूला ठेवा.

## ४. दिशा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

मुस्लिम कबरीत देह उजव्या कुशीवर, चेहरा किब्ल्याकडे असा ठेवतात. म्हणजे कबरीची लांबी किब्ल्याच्या रेषेला काटकोनात येते. कबरी शेजारी शेजारी मांडल्या तर ओळ किब्ल्याच्या दिशेनं धावते. आराखडा काढणारे नेमकं हेच उलटं करतात: कबरीची लांबीच किब्ल्याकडे वळवतात. बहाई दफनात मात्र पाय किब्ल्याकडे असतात, म्हणजे लांबी त्या रेषेवरच येते. आणि त्यांचा किब्ला मक्का नसून इस्रायलमधल्या अक्क्याजवळचं बहजी आहे. ‘किब्ला’ हा एकच शब्द ऐकून दोन्ही विभाग सारखे आखले, तर दोन्हीपैकी एक नक्की चुकतो.

ख्रिस्ती परंपरेत डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला अशी जुनी रीत आहे, पण आज अनेक चर्चेस यात सूट देतात. ज्यू समाजांत दिशेबद्दल वेगवेगळ्या प्रथा आहेत, म्हणून विचारल्याशिवाय काही धरू नका.

किब्ला ठरवण्याची पद्धत:

१. जागेचे अक्षांश-रेखांश घ्या. काबा २१.४२२५ उत्तर, ३९.८२६२ पूर्व इथे आहे.
२. पृथ्वीच्या गोलावरून जाणाऱ्या सर्वात जवळच्या मार्गाचा कोन मोजणीदाराकडून काढून घ्या. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा लांबच्या ठिकाणी बरीच चुकते.
३. हा कोन खऱ्या उत्तरेपासूनचा असतो. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, आणि काही प्रदेशांत दोन्हींत दहा अंशांहून जास्त फरक पडतो. शिवाय लोखंडी कुंपण, गाडी किंवा सळ्यांचं काँक्रीट जवळ असलं की सुई आणखी सरकते.
४. उन्हानं पडताळा. दरवर्षी २७-२८ मे आणि १५-१६ जुलै या दिवशी सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर येतो. जागतिक प्रमाणवेळेनुसार मे महिन्यात साधारण ०९:१८ आणि जुलैमध्ये ०९:२७ ही वेळ. त्या क्षणी ओळंब्यानं सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली किब्ल्याच्या बरोबर उलट दिशेला पडते. तेव्हा तुमच्याकडे दिवस असेल तर यासारखी खात्रीची आणि फुकटची पद्धत दुसरी नाही, आणि समाजाच्या डोळ्यांसमोर केल्यामुळे पुढे कोणी शंका घेत नाही.

फोनमधल्या ॲपवर भिस्त ठेवू नका. ६० मीटरच्या ओळीत ५ अंशांची चूक म्हणजे ओळीचं टोक सव्वापाच मीटर सरकलेलं. किती फरक चालेल हा निर्णय समाजाच्या धर्मगुरूंचा आहे, आराखडा काढणाऱ्याचा नाही.

तपासा: ठरलेली दिशा अंशांत लिहून, धर्मगुरूंची सही घेऊन, जमिनीवर ३० मीटर अंतरावर दोन पक्के खांब रोवून कायम केली का?

## ५. क्षेत्रफळाचा हिशेब

लोकसंख्येच्या टक्केवारीत जमीन वाटणं न्याय्य दिसतं, पण ते चुकीचं आहे. तरुण स्थलांतरितांच्या समाजात आज मृत्यू कमी असतात, तीस वर्षांनी ते वाढतात. काही कुटुंबं देह मूळ गावी नेतात, आणि पुढची पिढी ते थांबवते. म्हणून मोजायची ती दफनांची संख्या.

उदाहरण घेऊ. एका समाजात सुरुवातीला वर्षाला ६ आणि चाळिसाव्या वर्षी १८ दफनं होतील असा अंदाज आहे. सरासरी १२, म्हणजे ४० वर्षांत ४८० कबरी.

कबरीचा खड्डा २.१ × ०.७५ मीटर धरा. लांबीत ०.३ आणि रुंदीत ०.४५ मीटर अंतर सोडलं तर एका कबरीला २.४ × १.२ = २.८८ चौरस मीटर लागतात. ४८० कबरींना १,३८२ चौरस मीटर. रस्ते, हद्द आणि झाडं मिळून ४५ टक्के जागा जाते असं धरलं तर एकूण गरज १,३८२ भागिले ०.५५, म्हणजे सुमारे २,५१३ चौरस मीटर.

आता हीच मुस्लिम कबर लहद पद्धतीची असेल तर काय होतं? कोनाडा किब्ल्याच्या बाजूला साधारण ०.४५ मीटर आत जातो. तो शेजारच्या कबरीत फुटू नये म्हणून त्याच्यापलीकडे ०.४५ मीटर न खणलेली माती हवी. म्हणजे दोन खड्ड्यांच्या तोंडांमधलं अंतर ०.९ मीटर, आणि एका कबरीला २.४ × १.६५ = ३.९६ चौरस मीटर. ४८० कबरींसाठी एकूण सुमारे ३,४५६ चौरस मीटर. वर दिसणाऱ्या खड्ड्यांमधलं अंतर मोजून आखणी करणारे हे ९४३ चौरस मीटर विसरतात, आणि मग खणताना जुन्या कबरीचा कोनाडा उघडा पडतो. त्या कुटुंबावर याचा काय आघात होतो, हे सांगायला नको.

लहान मुलांच्या कबरी, जोडीदारासाठी राखीव जागा आणि कुटुंबाच्या दुहेरी कबरी यांची संख्या वेगळी काढा. राखीव जागा देण्याची पद्धत असेल तर पहिल्या दहा वर्षांत विभाग अपेक्षेपेक्षा लवकर भरल्यासारखा दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. बाळांच्या कबरींची जागाही त्या धर्माच्या दिशेनुसारच हवी. उरलेल्या कोपऱ्यात वाटेल तशी नको.

## ६. नकाशावर विभाग बसवणं

आता नकाशा घ्या. सर्वात आधी दिशा ठरलेले विभाग बसवा, कारण ते फिरवता येत नाहीत. सूट असलेले विभाग नंतर. कुंपणाला तिरपी येणारी ओळ त्रिकोणी तुकडे सोडते. तिथे बाकं, नळ, अवजारांची खोली घ्या. जागा वाचवण्यासाठी ओळी कुंपणाला समांतर वळवण्याचा मोह टाळा.

- वाढणारा विभाग मधोमध अडकवू नका. त्याची एक बाजू राखीव जागेला लागून हवी. एकूण जागेचा १५ ते २० टक्के भाग कोणालाच न देता ठेवा.
- सर्वांसाठी खुला विभाग हवाच. धर्म न मानणारे, धर्म माहीत नसलेले आणि ज्यांना स्वतःच्या समाजानं नाकारलं ते सगळे इथेच येतात. हा विभाग मागच्या भिंतीला ढकलू नका.
- मिश्र विवाहांसाठी खुल्या विभागाची कड इतर विभागांना लागून ठेवा. मग पती-पत्नी आपापल्या विभागात, पण मध्ये फक्त एक पाऊलवाट, असं जमवता येतं.
- जनाज्याच्या नमाजसाठी कबरींच्या बाहेर सपाट मोकळी जागा द्या. माणशी ०.६ × १.२ मीटर धरलं तर २०० माणसांना सुमारे १५० चौरस मीटर. तिच्या रांगा किब्ल्याला काटकोनात पडायला हव्यात.

## ७. हद्द, वाटा, पाणी

ज्यू विभागाला स्पष्ट दिसणारी हद्द लागते: कुंपण, झुडपांची रांग किंवा वाट. बाहेर पडताना हात धुण्यासाठी नळ हवा, आणि तो विभागाच्या दारापाशीच. कोहेन, म्हणजे ज्यू पुरोहितांच्या घराण्यातले लोक कबरींपासून चार हात, म्हणजे साधारण २ मीटर लांब राहतात, आणि कबरींवर पसरलेल्या झाडाखालून जात नाहीत. म्हणून त्यांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तेवढी जागा मोकळी सोडा आणि मोठी होणारी झाडं त्या बाजूला लावूच नका.

मुस्लिम विभागात कबरीवर पाय पडू नये ही काळजी असते. प्रत्येक कबरीपर्यंत दुसरी कबर न ओलांडता जाता आलं पाहिजे, म्हणून दर दोन ओळींमागे १.५ मीटरची पाऊलवाट द्या. शववाहिनीच्या रस्त्याला एकेरी ३.५ मीटर पुरतात, दुहेरी असेल तर ५.५. प्रत्येक विभागाच्या हद्दीत खणण्याचं यंत्र जाईल एवढं, म्हणजे किमान ३ मीटरचं फाटक ठेवा. सुंदर दगडी भिंत बांधून झाल्यावर हे आठवतं, आणि मग भिंत फोडावी लागते.

इशारा: देहस्नानाच्या खोलीचं पाणी सांडपाण्याच्या नळात जायला हवं. शोषखड्ड्यात सोडू नका.

## ८. लेखी नियम

विभाग देणं म्हणजे जमीन विकणं नव्हे. दफनाचा हक्क देणं. करारात हे पहिल्या ओळीत लिहा. त्यानंतर:

- पात्रता कोण ठरवणार? कारकुनानं कोणाचा धर्म ठरवू नये. समाजानं नेमलेली व्यक्ती दाखला देईल. तो किती तासांत द्यायचा आणि नाकारला तर कुटुंबानं कुठे जायचं, हेही लिहा.
- सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी दफनाची सोय. लवकर दफन करणाऱ्या समाजांना सोमवारपर्यंत थांबवणं हा नियम त्यांच्या श्रद्धेच्या आड येतो. आळीपाळीनं कामगार नेमा.
- आधी खणून ठेवलेल्या कबरी. काही समाजांना त्या चालतात, काहींना रिकामी कबर रात्रभर उघडी ठेवणं मान्य नसतं.
- कुटुंब स्वतः माती लोटणार असेल तर फावडी, कडेच्या फळ्या आणि १.२ मीटरपेक्षा खोल खड्ड्याला आधार. मातीचा ढीग कडेपासून किमान ०.६ मीटर दूर.
- शिळेची कमाल उंची आणि मजबुती सगळ्या विभागांत सारखी. आकार, मजकूर, लिपी ज्याची त्याची.

## ९. जमिनीवर आखणी आणि नोंदी

प्रत्येक विभागाच्या कोपऱ्यांवर काँक्रीटचे खांब रोवा, ०.६ मीटर जमिनीत. वर १० × १० मीटरची जाळी टोटल स्टेशननं, म्हणजे मोजणीदाराच्या कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रानं आखा. फोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते, आणि कबर ०.७५ मीटरची, दोन्हींचा मेळ बसत नाही.

क्रमांक देताना विभागाचं अक्षर, ओळ, कबर असा क्रम ठेवा: ‘म-०७-१५’. प्रत्येक विभाग १ पासून सुरू करून अक्षर न लिहिणं ही जुनी चूक आहे. दोन वेगळ्या धर्मांच्या कबरींचा क्रमांक एकच होतो आणि चुकीची कबर उघडली जाते. लहद कबरीच्या नोंदीत कोनाड्याची बाजू आणि आत किती गेला ते माप लिहा. एक नोंदवही कार्यालयात, तिची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत.

शेवटची तपासणी प्रत्यक्ष करा. विभाग खुला करण्याआधी समाजाच्या कबर खणणाऱ्यांकडून एक चाचणी कबर खणून घ्या. रिकामी पेटी किंवा फळी घेऊन फाटकापासून कबरीपर्यंत चालत या. वळणावर खांदेकऱ्यांना जागा पुरते का, दोरी कोणत्या बाजूनं सोडायची, धर्मगुरू कुठे उभे राहतील, ओळ रोवलेल्या खांबांशी जुळते का, हे सगळं तिथेच पाहा आणि जे चुकलं ते त्याच आठवड्यात दुरुस्त करा. खड्डा बुजवल्यावर त्या जागेचा क्रमांक नोंदवहीत ‘चाचणी, रिकामी’ असा लिहून ठेवा.